तलाव पाहायला या, जाताना तांदूळ घेऊन जा

२०२४ साली आपल्या जिल्ह्याचे नाव बदलले, नगरचे अहिल्यानगर झाले. पण बाहेरच्या माणसाच्या मनातले आपल्या जिल्ह्याचे चित्र काही बदललेले नाही. ऊस, साखर कारखाने, शिर्डी, शिंगणापूर आणि उन्हाळ्यात टँकर. यात खोटे काही नाही. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे, तिथे सह्याद्रीच्या कुशीत पाण्याने भरलेले तलाव आहेत, आणि ते पाहायला मुंबई-पुण्याचा माणूस रात्रीचा प्रवास करून येतो. पाथर्डी-जामखेडच्या आपल्या माणसाने मात्र ते पाहिलेले नसतात. जिल्ह्याच्या पूर्वेकडे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर लोक समाधान मानतात, आणि घाटघर-रतनवाडीकडे चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडून जातो. एकाच जिल्हा परिषदेच्या हद्दीत एवढा फरक दुसरीकडे कुठे असेल तर असो.

मी शेती विस्ताराच्या कामावरचा माणूस. शिक्षण कृषी पदविकेचे, काम बांधावरचे. पर्यटन हा माझा विषय नव्हे. पण या तलावांच्या कडेने कामानिमित्त फिरताना जे दिसते ते शेतीशीच येऊन भिडते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी तलाव पाहू. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९१० च्या सुमारास सुरू झाले आणि १९२६ च्या डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. प्रवरा नदीवरचा हा दगडी बांध सुमारे २७० फूट उंच आहे. साठा ११ टीएमसीचा. इंग्रजांनी जलाशयाला आर्थर लेक म्हटले. गावकरी नुसते 'धरण' म्हणतात. शेंडीहून निघावे, मुतखेल, कोलटेंभे करीत रतनवाडी गाठावी, अमृतेश्वराचे प्राचीन देऊळ पाहावे, वर रतनगड दिसतो, तिथेच प्रवरेचा उगम. पुढे साम्रदला सांदण दरी, मग घाटघरचा कोकणकडा, आणि उडदावणे, पांजरे, मुरशेतवरून पुन्हा शेंडी. सारा फेरा पाण्याच्या कडेने आहे. एका बाजूला जलाशय, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे, वर ढगात शिरलेले डोंगर. ऑगस्टच्या मध्यावर धरण भरत आलेले असते, रंधा धबधबा कोसळत असतो आणि रस्त्यावर गाड्यांची ही रांग लागलेली असते.

पण हा एकच तलाव म्हणजे अकोले तालुका नव्हे. कळसूबाईचे (१६४६ मीटर, राज्यातले सर्वांत उंच शिखर) पाणी घेऊन कृष्णावंती नदी खाली येते, तिच्यावर वाकीचा छोटा तलाव आहे. तो भरून वाहू लागला की पाणी निळवंड्याकडे जाते. हरिश्चंद्रगडाच्या रांगेतून निघणाऱ्या मुळेवर अंबित आहे, खाली पिंपळगाव खांड आहे. पूर्वेला देवठाणला आढळा. या तलावांवर ना बोट, ना हॉटेल. अंबितचा तलाव भरल्याची बातमी आपल्या पेपरात दरवर्षी चार ओळींत येते आणि आपण पान उलटतो. नगर शहरातल्या वाचकाने मात्र उलटू नये. मुळेचे पाणी राहुरीच्या मुळा धरणात येते आणि तेच शहराच्या नळाला येते. सकाळचा चहा ज्या पाण्याचा केला त्याचा पहिला मुक्काम अंबितला झालेला असतो.

या तलावांच्या काठची एक जुनी म्हण आहे, तुम्ही ऐकली असेल: धरण उशाला, कोरड घशाला. पावसाळ्यात येणाऱ्या पाहुण्याला ती खरी वाटत नाही. त्याने एप्रिल-मे महिन्यात यावे. डोंगरात माती वीतभर, खाली काळा कातळ. पडलेले पाणी मुरायला जागाच नाही, ते तडक धावत धरणात जाते. धरणातले पाणी लाभक्षेत्रासाठी राखीव. आवर्तने सुटली की संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या पट्ट्यात ऊस उभा राहतो. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला आणि देशभर नावाजला, त्याच्या मुळाशी हे भंडारदऱ्याचे पाणी आहे. निळवंडे धरणाची कल्पना १९७० ची. त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण व्हायला २०२३ चा ऑक्टोबर उजाडला, आणि खर्च ५,१७७ कोटींवर गेला. त्या पाण्याची खालच्या दुष्काळी गावांनी पन्नास वर्षे वाट पाहिली, त्यांना ते मिळालेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण ज्यांच्या डोंगरावरून ते पाणी उतरते त्या वाडीतली बाई मे महिन्यात डवरा उकरून वाटीने हंडा भरते, हेही त्याच हिशेबात मांडायला हवे.

तेव्हा तलावाचे पाणी वरच्या गावाचे नाही हे शंभरीच्या घरात आलेले दुखणे आहे. आता प्रश्न आहे तो तलावाच्या शोभेचा. ती तरी गावाची आहे का?

शनिवारी संध्याकाळी पाण्याच्या काठाला तंबू लागतात. काही तंबू गावातल्याच पोरांचे आहेत, त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. आवणी झाल्यावर जी पोरे नारायणगावच्या टोमॅटोवर नाहीतर नाशिकच्या द्राक्षबागेत मजुरीला जायची, ती आता गावात राहून चार पैसे मिळवतात. पण बरेच तंबू बाहेरच्या मालकाचे आहेत आणि गावचा माणूस तिथे भांडी घासतो, शेकोटीला लाकूड पुरवतो. असो, रोजगार तर रोजगार. माझे दुखणे ताटातले आहे. भाताच्या खाचराला टेकून तंबू आहे आणि ताटात तांदूळ आहे तो शहराच्या घाऊक बाजारातून पोत्याने आणलेला! डाळ बाहेरची, तेल बाहेरचे, भाजी बाहेरची. गावचे म्हणाल तर हवा आणि पाणी, आणि त्या दोन्हींचे पैसे गावाला मिळत नाहीत.

जरा कागद-पेन्सिल घेऊन बसा. समजा एका ठिकाणी शनिवारी चाळीस माणसे उतरतात. दोन वेळच्या जेवणाला माणशी दोनशे ग्रॅम तांदूळ धरला तर आठ किलो झाला. वर्षात असे तीस शनिवार धरले तर २४० किलो. एवढ्या तांदळाला साधारण चार क्विंटल भात लागतो, म्हणजे गावरान गरवा भात एकरी आठ-दहा क्विंटल धरला तर अर्ध्या एकराचे पीक. हाच भात शेतकऱ्याने हमीभावाने घातला तर २०२५-२६ च्या २,३६९ रुपये क्विंटल दराने त्याला साडेनऊ हजाराच्या आसपास मिळतील. तोच भरडून, पाखडून ऐंशी रुपये किलोने तंबूवाल्याला किंवा पाहुण्याला दिला, तर एकोणीस हजार दोनशे. भरडाईचे, पोत्यांचे वजा करा, तरी फरक डोळ्यांत भरणारा आहे. आणि हे एका ठिकाणचे, तेही फक्त शनिवारचे. आकडे माझे धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घालून पाहा, उत्तराची दिशा बदलणार नाही.

आणि तांदूळ तरी कसला! काळभात, जिरवेल, रायभोग. काळभाताची ओंबी निसवली की शिवार काळपट दिसते, शिजला की शेजारच्या घरी वास जातो. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे बियाणे जपले, बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी अकोल्याचा गावरान तांदूळ विकत घेतला? बियाणे मडक्यात जपता येते, पण वाण टिकतो तो खाणारा असेल तरच. शेतकरी काही संग्रहालयाचा रखवालदार नाही. गिऱ्हाईक नसेल तर तोही संकरित भाताकडेच वळणार आणि त्याला बोल लावता येणार नाही.

कुणी म्हणेल, तांदूळ विकला जाईल ते ठीक, पण त्याचा तलावाशी संबंध काय? संबंध फार जवळचा आहे, आणि तो शेती खात्याबाहेर कुणी सांगत नाही. डोंगरउतारावरचे भाताचे खाचर म्हणजे एक छोटे धरणच असते. चारी बाजूंनी बांध, आत चिखल, पाणी वरच्या खाचरातून खालच्यात हळूहळू उतरते आणि वाहून आणलेली माती तिथेच सोडते. अशी वीस-पंचवीस खाचरे उतरून पाणी धरणात गेले तर बरेचसे गाळूनच गेले म्हणायचे. आता भात परवडेना म्हणून खाचर पडीक टाकले, दोन पावसाळे बांधाची डागडुजी केली नाही, की बांध फुटतो. वरचा फुटला की त्याचे पाणी खालच्याला फोडते. मग वर्षानुवर्षांची माती एका रात्रीत जलाशयात. तंबूसाठी जेसीबीने उतार सपाट केला तरी तेच. मोकळी माती पहिल्या मोठ्या पावसात खाली जाते. धरणात गाळ साचला की साठा कमी झाला, आणि साठा कमी झाला की श्रीरामपूरच्या उसाचे आवर्तन कमी झाले. वरच्या खाचराचा बांध टिकवण्यात खालच्या बागायतदाराचाही स्वार्थ आहे, हे त्याने ओळखावे.

इथे शेतकऱ्यालाही दोन शब्द सांगायचे आहेत. युरिया खाचरात फेकून देण्याची आपली सवय वाईट. फेकला आणि रात्री पाऊस झाला की निम्माशिम्मा खाचराबाहेर. पैसे गेले ते गेले, वर तलावात शेवाळाला खत घातले. चारसूत्री पद्धतीत दोरीवर १५-२५ सेंटिमीटरच्या जोडओळीत लावणी करायची आणि चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल युरिया-डीएपीची एक गोळी हाताने खोचायची. गोळी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, हेक्टरी सुमारे १७० किलो पुरतात. चिखलात गाडलेली गोळी वाहून जात नाही, पिकाला हळूहळू लागू पडते. मजुरी जास्त लागते ही तक्रार खरी आहे. मी दरवर्षी ती ऐकतो. परंतु खत कमी लागते आणि उत्पादन वाढते, हे ज्यांनी एकदा करून पाहिले त्यांच्या बांधावर जाऊन बघा. राबासाठी पालापाचोळा जाळण्याऐवजी भाताच्या तुसाची राख वाफ्यात मिसळावी, बांधावर गिरिपुष्प लावावे, त्याचा पाला चिखलात तुडवावा. झाडही वाचते, बांधही मुळांनी धरला जातो.

आता जमिनीचे. याबाबत गावागावांत कुजबुज असते आणि उघड कुणी बोलत नाही. तलाव दिसणाऱ्या जमिनीला भाव आला आहे. ही जमीन बहुतांशी महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा अशा कोणत्याही मार्गाने पूर्वपरवानगीशिवाय देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तरी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. त्यापुढचे काहीही असेल तर राज्य शासनाची मान्यता. हे सगळे असताना स्टॅम्प पेपरवर नोटरी करून 'करार' होतात. अशा कागदाने जमीन कायदेशीर जात नाही, पण प्रत्यक्षात ताबा जातो, आणि ताबा गेलेला माणूस आपल्याच शेताच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभा राहतो. दादांनो, सही करण्याआधी तलाठ्याला विचारा, ग्रामसभेत विचारा. अकोल्याचा बराचसा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी ग्रामसभेला जमिनीच्या बाबतीत आणि गावच्या लहान जलसाठ्यांच्या बाबतीतही बोलण्याचा अधिकार दिला आहे. तो वापरायला मात्र सभेला कोरम लागतो, आणि आमची सभा बहुधा चहापाण्यावर उरकते.

विलायतेत कंब्रिया नावाच्या डोंगराळ परगण्यात असाच तलावांचा मुलूख आहे, लेक डिस्ट्रिक्ट म्हणतात. तिथल्या थर्लमियर तलावाचे पाणी १८९४ पासून दीडशे किलोमीटरवरच्या मँचेस्टर शहराला जाते. पुढे हॉझवॉटरच्या धरणात मार्डेल हे अख्खे गाव बुडाले. म्हणजे तिथेही वरच्यांनी सोसले आणि खालच्यांनी प्यायले, कथा आपलीच. पण एक गोष्ट त्यांनी वेगळी केली. मुलांच्या गोष्टी लिहून नाव झालेल्या बीट्रिक्स पॉटर या बाईने पुस्तकांच्या पैशातून तिथली शेते विकत घेतली आणि १९४३ साली मरताना चार हजार एकरांहून जास्त जमीन एका न्यासाला देऊन ठेवली. तिथल्या गावरान हर्डविक मेंढ्यांचे कळप त्या शेतांवर राहिले पाहिजेत, हे बजावून. २०१७ साली युनेस्कोने हा मुलूख जागतिक वारसा ठरवला, तो नुसत्या डोंगर-पाण्यासाठी नव्हे, तर मेंढपाळांनी शतकानुशतके घडवलेल्या शिवारासाठीही. अर्थात तिथे सगळे आलबेल आहे असे समजू नका. शहरी लोकांनी सुट्टीची घरे घेतली आणि गावच्या पोरांना गावात घर परवडेना झाले. त्यांचे चांगले घ्यावे आणि या दुसऱ्या गोष्टीपासून आधीच सावध व्हावे.

काजव्यांबद्दल थोडक्यात. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे चमकतात. त्या वेळी या रस्त्याला जत्रेचे रूप येते. काजव्याचा उजेड म्हणजे नर-मादीची एकमेकांना घातलेली साद. त्यात गाडीचे दिवे आणि मोबाइलची बॅटरी पडली की साद हरवते. त्याची अळी ओल्या मातीत, पाल्याखाली गोगलगायी खाऊन वाढते. म्हणजे झाडाखाली पाचशे माणसे तुडवून गेली की पुढच्या सालचे काजवे पायाखाली गेले. शिवाय गोगलगाय ही शेतकऱ्याची शत्रू, तेव्हा काजवा आपल्या बाजूचा आहे. माझे मत स्पष्ट आहे: काजव्यांच्या दिवसांत गाड्यांवर मर्यादा घालावी, आणि वनखात्याने जे निर्बंध लावले त्यांना गावाने विरोध करू नये. दोन शनिवारचे उत्पन्न बुडेल, पण झाड राहील.

मग पाहुण्याने यायचे कधी? सगळ्यांनी ऑगस्टच्या एकाच रविवारी यावे असा काही नियम नाही. जुलैत आवणी चालू असते, गुडघाभर चिखलात उतरून दोन ओळी लावून पाहा, पोरांना शाळेच्या पुस्तकापेक्षा जास्त कळेल. गाणी ऐकायची तर तिथेच ऐका, स्पीकर घरी ठेवा. सप्टेंबरात पाऊस उघडतो, सोनकी-तेरडा फुलतो, तलाव काठोकाठ असतो आणि गर्दी ओसरलेली असते. याच दिवसांत वाकी, अंबित, पिंपळगाव खांडकडे वळावे. तिथे हॉटेल नाही ही अडचण नव्हे. गावात बचत गटाच्या बायका आहेत, आदल्या दिवशी सांगितले तर नागलीची भाकरी, भात, पिठले, खुरासणीची चटणी मिळते. पैसे ठरवून द्या, घासाघीस करू नका. महामार्गावरच्या ढाब्यावर कुठे करता? राज्याने २०२० साली कृषी पर्यटन धोरण आणले आहे, एकट्या शेतकऱ्यालाही त्यात नोंदणी करता येते. ज्यांच्या घरी दोन खोल्या आणि एक स्वच्छ संडास आहे त्यांनी पर्यटन विभागाकडे अर्ज करावा. कागद भरताना अडले तर आपल्या गावच्या कृषी कर्मचाऱ्याला गाठा, ते आमचे कामच आहे.

तंबूवाल्यांनाही एक सुचवणे आहे. येत्या हंगामात निदान तांदूळ आणि नागली तरी काठच्या गावातून घ्या आणि फळ्यावर लिहा, हा तांदूळ अमुक वाडीचा. पाहुणा तो वाचून जाताना पाच किलो मागतो की नाही ते बघा.

तांदूळ न्यायला येणाऱ्यांसाठी एवढेच, की घाई करू नये. हळव्या जाती ऑक्टोबरात निघतात, गरव्या नोव्हेंबरात. कापणी, झोडणी, वाळवण, मग भरडाई, असे करता करता डिसेंबर उजाडतो. तेव्हा शेंडी, राजूर, कोतूळच्या आठवडे बाजारात चौकशी करा, किंवा सरळ वाडीत जा. नवा तांदूळ शिजताना पाणी कमी घेतो, नेहमीच्या मापाने घातले तर गाळ होतो. तेवढे घरी सांगून ठेवा.